उकडलेल्या अंड्यांचे दिवस

माझ्या बहिणीच्या घरी चहाचा कप कधी काठोकाठ भरून मिळत नाही. नवीन पाहुण्याला वाटतं, दूध कमी पडलं असावं, नाहीतर माणसं हात आखडून वागणारी असावीत. दोन्ही खरं नाही. अर्धा कप संपायच्या आत दाजी किटली घेऊन हजर होतात, आणखी अर्धा ओततात आणि म्हणतात, "भरलेला कप नुसता बघायला बरा."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मालवाहू जहाजांवर आचारी म्हणून त्यांचं आयुष्य गेलं. त्यांच्या इमारतीत लहानथोर सगळे त्यांना पाठीमागे 'अर्धाकप' म्हणतात आणि त्यांना ते ठाऊक आहे. एकदा जिन्यात कुणीतरी म्हणालं, "अर्धाकप आले वाटतं सुट्टीवर." दाजी वरच्या मजल्यावरून वाकून म्हणाले, "आले, आले. येताना बशी घेऊन या."

दिसायला ठेंगणे, खांद्यांत रुंद, आणि उभे राहताना पाय जरा फाकलेले. ओट्यापाशी उभे राहिले की कंबर ओट्याला घट्ट टेकलेली, जणू ओटा कुठे निघून जाणार आहे. पातेलं अर्ध्याच्या वर भरायचं नाही, भाजी चिरायच्या फळीखाली ओलं फडकं पाहिजे, कढईचा दांडा भिंतीकडे वळवलेला पाहिजे. झोपताना गादीच्या बाहेरच्या कडेखाली घोंगडीची वळकटी सारायची, म्हणजे माणूस गादी आणि भिंत यांच्या खोबणीत पडतो आणि घरंगळत नाही. ताई सांगते, "लग्न झालं तेव्हा मला वाटलं, मी झोपेत लाथा मारते म्हणून यांनी हा बंदोबस्त केलाय. विचारायचीही चोरी!"

आणखी एक गोष्ट. दाजी उकडलेलं अंडं खात नाहीत. ऑम्लेट चालतं, केक चालतो. उकडलेलं अंडं कुणी समोर ठेवलं तर ताटली हलकेच बाजूला सारतात. "जहाजावर इतकी खाल्ली की जिभेवर पिसं फुटायची बाकी राहिलीत," एवढंच त्यांचं उत्तर. आम्ही हसायचो आणि विषय संपायचा.

मी जहाजांच्या एजंटाच्या कचेरीत हिशेब बघतो. दाजी मला नावाने हाक मारत नाहीत, 'जमाखर्च' म्हणतात. "काय जमाखर्च, बरं चाललंय ना?" ताईचं स्थळ मीच आणलं होतं, कारण दाजी आमच्या कचेरीत सहीसाठी यायचे आणि माणूस मला आवडला होता. आमच्या आईला मात्र समुद्रावरचा जावई नको होता. दाजींनी तिच्यासमोर बसून सांगितलं, "आई, जहाज म्हणजे तरंगती कचेरी हो. फरक एवढाच, की संध्याकाळी घरी जाता येत नाही." आई हसली आणि लग्न ठरलं.

ते 'तरंगती कचेरी' दाजींनी पुढे जन्मभर चालवलं. सुट्टीवर आले की ताईला आणि लेकीला समुद्राच्या गोष्टी सांगायचे. पाण्यातून उडणारे मासे डेकवर येऊन पडतात आणि आचाऱ्याचं काम सोपं करतात. डॉल्फिन जहाजाशी शर्यत लावतात आणि जिंकले की शेपटी दाखवून जातात. रात्री पाणी चमकतं. कॅप्टनला पोळी लाटता येत नाही. लेक डोळे विस्फारून ऐकायची. "बाबा, आणि वादळ?" असं तिने एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "वादळ आमच्या वाटेला जात नाही. त्याला माझ्या हातचं जेवण माहीत आहे."

त्या वेळी ताईकडे फोन नव्हता. जहाज बंदराला लागलं की दाजी माझ्या कचेरीत फोन करायचे, ताई आधीच येऊन माझ्या टेबलाशेजारी बसलेली असायची. एवढ्या लांबचा फोन, मधूनच तुटणारा आवाज, आणि ताईचा प्रश्न ठरलेला: "मागच्या आठवड्यात जेवायला काय काय केलंत?" तब्येतीची चौकशी नाही, 'कधी येणार' हेही नाही. दाजी पलीकडून रंगात येऊन सांगायचे, सूप केलं, मासे केले, बटाटे भाजले, खजुराचा केक केला, मधले काही दिवस नुसती अंडी आणि पाव. ताई "बरं, बरं" म्हणत ऐकायची. आमच्या कचेरीत याची थट्टा व्हायची. "तुमच्या ताईंना नवरा नको, जेवणाची पाटी पाहिजे," असं आमचा टायपिस्ट म्हणायचा. मलाही वाटायचं, बहीण आपली साधी आहे. समुद्राबद्दल काय विचारावं तेही तिला सुचत नाही.

माझं म्हणाल, तर समुद्र कचेरीसारखा नसतो एवढं मला ठाऊक होतं. पण ते कागदांवरून. वादळातून आलेल्या जहाजांचे विम्याचे कागद माझ्या टेबलावरून जायचे: वाकलेले कठडे, भिजलेला माल, वाहून गेलेली होडी. कागदावर सगळं कोरडं असतं. एकदा दाजींचंच जहाज एका अंगावर झुकलेलं धक्क्याला लागलं. मी विचारलं, तर त्यांनी बोट ओठांवर ठेवलं आणि म्हणाले, "घरी बोलू नकोस. माल नीट लावला नव्हता, बाकी काही नाही." त्या सुट्टीत ते फार झोपले, एवढं मला आठवतं.

लेकीचं घरातलं नाव भिंगरी. एका जागी बसायची नाही म्हणून ताईनेच ठेवलेलं. ती मोठी झाली आणि दाजी सफरीवर असताना परस्पर परीक्षा देऊन जहाजावरच्या अधिकाऱ्याच्या शिक्षणाला लागली. दाजी आले तेव्हा फॉर्म भरून, निकाल लागून, गणवेश शिवून झाला होता. "माझ्या लेकीला कचेरीच आवडली म्हणायची," असं म्हणून ते हसले. हसू जरा उशिरा आलं, पण तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. पुढे ते निवृत्त झाले, हिचं शिक्षण पुरं झालं, आणि शिकाऊ अधिकारी म्हणून एका मालवाहू जहाजावर नेमणूक आली. ऐन हिवाळ्यात, उत्तरेच्या समुद्रात.

त्या आनंदात ताईने मला जेवायला बोलावलं. जेवणं झाली, दाजी चहा ओतत होते. भिंगरी जोरात होती.

"मामा, आमचे एक सर होते, त्यांना वादळाशिवाय दुसरं बोलताच यायचं नाही. लाटा अशा, वारा तसा. शेवटी मी उठून सांगितलं, सर, माझे बाबा उभं आयुष्य समुद्रावर होते, त्यांना एकदाही वादळ लागलं नाही."

"मग सर काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, तुझे बाबा भाग्यवान आहेत. मी म्हटलं, नाही, आचारी आहेत." ती स्वतःच हसली. "आणि तो कंबरेला दोर बांधायचा सराव! बाहेर डेकवर जाताना बांधायचा, आत आल्यावर सोडायचा, पुन्हा बांधायचा. मी आपला पास होण्यापुरता केला. म्हटलं, जिथे बाबांना कधी लागला नाही, तिथे मला कशाला..."

"अहो!" ताई ओरडली.

दाजींच्या हातातल्या किटलीतून चहा माझ्या कपात पडत होता. कप भरला होता, बशी भरली होती आणि चहा टेबलावरून माझ्या मांडीवर येत होता. दाजींचं लक्षच नव्हतं. इतक्या वर्षांत त्या घरात मी भरलेला कप पाहिला तो त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी दाजी माझ्या कचेरीत आले. जेवणाची सुट्टी होती. आम्ही मागच्या जिन्याच्या पायऱ्यांवर बसलो, कारण तिथे कुणी येत नाही.

"जमाखर्च, एक काम कर. भिंगरीला समजावून सांग, वादळ म्हणजे काय असतं."

"मी? दाजी, मला बस वळली तरी मळमळतं."

"तू कागद बघितलेस ना?"

"कागद बघितले. तुम्ही वादळ बघितलं असेल, तर तुम्ही सांगा."

ते आपल्या पंजांकडे बघत बसले. डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा जुना डाग आहे. तो भट्टीचा, असं आम्हाला सांगितलेलं.

"सगळं खोटं सांगितलं रे मी त्यांना," ते म्हणाले.

"किती खोटं?"

"जेवण सोडून सगळं."

"मग आता खरं सांगा. मुलगी मोठी आहे."

"मुलीला सांगेन. जीभ ओढून काढून सांगेन. तिने तो दोर पास होण्यापुरता बांधलाय, जमाखर्च! माझ्या गोष्टी ऐकून! पण तुझी ताई? तिची सगळी वर्षं सुखात गेली. नवरा कचेरीत आहे असं समजून ती झोपली, उठली, पोर वाढवली. आता मी सांगायचं, की अगं, तू शांत झोपली होतीस तेव्हा आम्ही बुडत होतो? गेलेली वर्षं नासतील तिची. आणि लेकीला ती पाऊल टाकू देणार नाही, ते वेगळंच."

जायचा दिवस जवळ आला होता. शेवटी असं ठरलं, की रविवारी दुपारी मी ताईला भिंगरीसाठी बॅग घ्यायला बाहेर न्यायचं आणि तेवढ्यात दाजींनी लेकीशी बोलायचं. मी ताईला घेऊन निघालो. ती नको म्हणाली तरी मी तिला दोन बाजार फिरवायच्या बेतात होतो, पण कोपऱ्यावर जाताच ती थांबली.

"बॅगेचं दुकान रविवारी बंद असतं," ती म्हणाली.

"दुसरं बघू की."

"तुला बहिणीसोबत बाजारात जायची हौस कधीपासून आली रे? तुझी बायको तुझ्या नावाने बोटं मोडते, भाजी आणत नाहीस म्हणून. चल घरी."

मी पुष्कळ आढेवेढे घेतले. तिने ऐकलं नाही. मी लहानपणीसुद्धा तिच्याशी खोटं बोलू शकलो नव्हतो, तर या वयात काय जमणार?

तिने किल्लीने दार उघडलं. घरात शिरल्यावर एक अरुंद बोळ आहे, चपला ठेवायची जागा, आणि पुढे उजवीकडे स्वयंपाकघर. आतून दाजींचा आवाज येत होता. मी खाकरणार तोच ताईने माझा दंड धरला आणि मान हलवली. आम्ही तिथेच उभे राहिलो, चपला पायात तशाच.

"...जहाजाच्या पोटात लाकडाचे ओंडके, डेकवरही ओंडके," दाजी सांगत होते. "दुपारी कॅप्टनचा निरोप आला, वादळ येतंय. मी काय करणार? मी अंडी उकडली. आचाऱ्याची वादळाची तयारी तीच. एकदा जहाज नाचायला लागलं की चूल पेटवता येत नाही. उकळतं पातेलं म्हणजे पिंजऱ्यातून सुटलेला वाघ, हा हात त्यानेच चाटलाय. म्हणून आधीच भरपूर अंडी उकडायची, पाव कापायचे. माणसाला उभ्याने, एका हाताने खाता आलं पाहिजे. दुसऱ्या हाताने काहीतरी धरायचं असतं."

"लाटा केवढ्या होत्या, बाबा?"

"मी बघितल्याच नाहीत. माझ्याकडे एक गोल खिडकी. ती घटकेत काळी व्हायची, घटकेत पांढरी. लाट मी ऐकली. जहाजाचं नाक वर जातं, वर जातं, आणि मग खाली आपटतं. पाण्यावर नव्हे, खडकावर आपटल्यासारखं. मागचा पंखा पाण्याबाहेर निघतो तेव्हा अख्खं जहाज थरथरतं, ताटल्या वाजतात, तोंडातले दात वाजतात. पण तेही चालतं. नाक लाटेकडे आहे तोवर जहाज सोसतं. तुला शिकवलं असेलच."

"हो. शिकवलंय."

"मग इंजिन बंद पडलं. तेलाच्या टाकीच्या तळाला गाळ बसलेला असतो, वर्षानुवर्षं गुपचूप. जहाज इतकं घुसळलं गेलं की तो वर आला आणि गाळण्या तुंबल्या. इंजिनाचा आवाज कानाला एरवी कळतही नाही बघ. थांबला की कळतो. इंजिन गेलं म्हणजे सुकाणूही गेलं. जहाज हळूहळू आडवं झालं आणि लाटा कुशीवर यायला लागल्या. एक आली. जहाज असं कललं, की मी भिंतीवर उभा होतो आणि माझे कढई-झारे छताकडे निघाले होते. आता सरळ होईल म्हणून मी वाट बघतोय. झालं, पण पुरतं नाही. पुढच्या लाटेला त्याहून कमी. पोटातले ओंडके सरकले होते. कलण्याची भीती नसते गं. जहाज कलायचंच. परत येत नाही, ती भीती."

ताईचा हात माझ्या दंडावर होता. त्याची पकड जराही बदलली नव्हती.

"खालच्या अंगाचे डेकवरचे ओंडके समुद्रात सोडून द्यायचे ठरलं, म्हणजे वजन उतरेल. आमचा सारंग, म्हणजे डेकवरच्या माणसांचा म्होरक्या, चार गडी घेऊन निघाला. सगळ्यांच्या कंबरेला दोर. साखळ्या सोडल्या, ओंडके गेले, सगळे परत आले. जहाज जरा वर आलं. मी प्रत्येकाच्या हातात अंडं दिलं. सारंगाने दोर सोडला, अंग पुसलं. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं, की बाहेर हवेच्या एका नळाचं झाकण उघडं राहिलंय आणि पाणी आत उतरतंय. म्हणाला, एका मिनिटाचं काम आहे. मी म्हटलं, दोर? म्हणाला, एका मिनिटाला कसला दोर? माझी दोन ठेव, आलोच..."

दाजी थांबले.

"मग, बाबा?"

भिंगरीने पुन्हा हाक मारली.

"बाबा?"

ताई माझा दंड सोडून आत गेली. मी मागे गेलो. दाजी ओट्याला कंबर टेकून उभे होते, दोन्ही हातांनी ओट्याची कड धरून. भिंगरी खाली फरशीवर बसली होती, लहानपणी बसायची तशी. ताईला बघून दाजींचा चेहराच उतरला.

"तू... बाजारात गेली होतीस ना?"

"तुमच्या मेव्हण्याला खोटं बोलता येत नाही. तुम्हाला येतं, पण समुद्रापुरतंच," ताई म्हणाली. तिने स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसली. "ती सफर मला आठवते. बंदरातून फोन केलात तेव्हा मी विचारलं, काय काय केलंत. तुम्ही म्हणालात, अंडी आणि पाव. मी म्हटलं, आणि त्याच्या आदल्या दिवशी? अंडी आणि पाव. आणि त्याच्या आदल्या? तेच. त्यानंतर घरी आलात आणि उकडलेलं अंडं बाजूला सारलंत. कायमचं."

दाजी बघतच राहिले.

"तुला माहीत होतं?"

"अहो, फोनवर दर वेळी जेवण विचारायचे, ते काय मला भूक लागायची म्हणून?"

भिंगरीच्या तोंडून हसू फुटलं आणि लगेच ती रडायला लागली.

"पहिल्यांदा पेपरात बातमी होती," ताई सांगू लागली, "त्या समुद्रात मोठं वादळ झालं अशी. त्याच आठवड्यात तुमची अंडी आणि पाव. वाटलं, असेल योगायोग. पुढच्या खेपेला तसंच. तिसऱ्या वेळी मला पेपर लागलाच नाही. समुद्राबद्दल तुम्ही मनाला येईल ते सांगाल, पण केलेल्या स्वयंपाकाबद्दल खोटं बोलायला तुमची जीभ वळत नाही. सूप म्हणालात की मी घरी जाऊन जेवायचे. अंडी म्हणालात की..."

"की काय?"

"काही नाही. भिंगरीला कुशीत घेऊन पडायचे. तोवर तुम्ही बंदराला लागलेले असायचात ना! झालेल्या गोष्टीला मी काय करणार?"

"मग बोलली का नाहीस? एकदा तरी?"

"तुम्ही एवढ्या लांबून, एवढं सोसून घरी यायचात," ताई म्हणाली. "वाटलं, एका जागी तरी तुमचं वादळ नसू दे. घरात तुम्ही कचेरीतून आलेला माणूस असू दे."

आमचा टायपिस्ट आणि त्याची थट्टा मला आठवली. मी तिच्याशेजारी बसून ते सगळे फोन ऐकले होते. मला एकही ऐकू आला नव्हता.

ताईने दाजींचा डागाचा हात ओट्यावरून सोडवून आपल्या हातात घेतला. "एक मात्र मला कधी कळलं नाही," ती म्हणाली. "त्या वेळी कोण गेलं?"

"सारंग," दाजी म्हणाले. "त्याची दोन अंडी माझ्या खिशात होती. घरंगळू नयेत म्हणून ठेवलेली. इंजिनवाल्यांनी गाळण्या साफ केल्या, इंजिन लागलं, कॅप्टनने नाक लाटेकडे वळवलं, आम्ही वाचलो. सगळं झाल्यावर मी खिशात हात घातला. फुटलीसुद्धा नव्हती गं. जहाजातलं सगळं फुटलं, आणि ती दोन अंडी..."

मी उगाच जाऊन चहाचं आधण ठेवलं. अर्धं पातेलं.

बऱ्याच वेळाने भिंगरीने नाक पुसलं. "बाबा, मी जाऊ की नको?"

मला वाटलं, आता ताई बोलेल. ती दाजींकडे बघत राहिली.

"जा," दाजी म्हणाले. "पण घाबरत जा. समुद्राला घाबरणं वाईट नाही, तो घाबरण्यासारखाच आहे. आधी दोर, मग दार. आणि कुणी 'एका मिनिटाचं काम आहे' म्हणालं की त्याची कॉलर धर. मग तो कॅप्टन असला तरी."

"कॅप्टनची कॉलर?"

"नोकरी गेली तर घरी ये. अर्धा कप चहा आहे इथे."

"आणि आईला काय सांगायचं? वादळ लागलं तर?"

याचं उत्तर ताईने दिलं. "तुला जे सांगावंसं वाटेल ते सांग. समुद्र शांत आहे म्हण, आरशासारखा आहे म्हण. तिकडून खरं बोलवत नाही माणसाला, मला माहीत आहे. फक्त जेवायला काय होतं, ते खरं सांगायचं."

जायच्या आधीचे उरलेले दिवस त्या घरात वेगळीच धांदल होती. भिंगरी कंबरेला दोर बांधून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची, गाठ मारायची, सोडायची, पुन्हा मारायची. दाजी डोळे मिटून गाठ चाचपायचे. इमारतीतल्या बायकांनी ताईला विचारलं, "मुलीला बांधून का ठेवलंय?" ताई म्हणाली, "जाऊ देणार आहोत ना, म्हणून."

ती गेली. हल्ली भर समुद्रातूनही घरी फोन करता येतो; पहिले काही आठवडे फोन यायचे ते सूप, भात आणि माशांचे. जहाजावरचा आचारी बटाटे कच्चे ठेवतो, अशी तक्रार यायची आणि दाजी उलट त्या आचाऱ्याचीच बाजू घ्यायचे.

मग एका संध्याकाळी मी तिथे असतानाच फोन वाजला. आवाज खरखरत होता.

"आई, मी मजेत आहे हं. इथे सगळं छान. समुद्र अगदी शांत."

"बरं," ताई म्हणाली. "जेवायला काय होतं?"

पलीकडे काहीतरी लोखंडावर आपटत, घरंगळत गेलं आणि परत आलं.

"अंडी," भिंगरी म्हणाली. "उकडलेली. आणि पाव."

ताईने फोन दाजींकडे दिला. दाजींनी एकच शब्द विचारला, "दोर?"

"आधी दोर, मग दार, बाबा." आणि फोन तुटला.

दाजी उठले, ओट्यापाशी गेले, अर्धं पातेलं पाणी घेतलं आणि अंडी उकडत ठेवली. उकडल्यावर त्यांनी ती सोलली, ताईपुढे एक ठेवलं, माझ्यापुढे एक, आणि एक स्वतः घेतलं. बराच वेळ ते हातात धरून बसले. मग मीठ लावून खाल्लं, एका हाताने. दुसरा हात टेबलाच्या कडेला होता.

"पोरगी जे खाते, ते आपण खावं," एवढंच म्हणाले.

त्यानंतर फोन लागेना. मी रोज कचेरीतून सुटलो की तिकडे जायचो. कचेरीत हवामानाचे इशारे येतात, पण ते मी त्या घरात नेले नाहीत. तिथे कुणी मागितलेही नाहीत. रोज अंडी आणि पाव. दाजी उभ्याने खायचे, ताई बसून. घोंगडीच्या वळकट्या आता गादीच्या दोन्ही कडांखाली असतात, असं ताईने मला सांगितलं. "मलाही हल्ली घरंगळल्यासारखं होतं," ती म्हणाली.

मग एका दुपारी ताईचा माझ्या कचेरीत फोन आला. मी "हॅलो" म्हणायच्या आत ती म्हणाली, "सूप!"

"काय?"

"अरे, सूप! आत्ता फोन आला होता. कांद्याचं सूप, आणि बटाटे. कच्चे!"

मी कामाचे कागद तसेच टाकून उठलो. नोकरीत असं मी कधी केलेलं नाही. जाऊन पोचलो तर दाजी ओट्यापाशी उभे होते, त्यांचे डोळे लाल झाले होते आणि ते त्या दूरच्या आचाऱ्याला शिव्या देत होते. "वादळ जाऊन शांत झालं, आता तरी बटाटे शिजव म्हणावं! माझी लेक एकाची कॉलर धरून आली म्हणे."

"कुणाची?"

"त्या आचाऱ्याचीच. कचऱ्याची बादली रिकामी करायला निघाला होता, एका मिनिटासाठी, दोर न बांधता. हिने दारातच धरला. आम्ही आचारी म्हणजे गाढव असतो, जमाखर्च!" असं म्हणून ते हसायला लागले, आणि हसता हसता तोंडावर फडकं घेऊन भिंतीकडे वळले.

ताईने चहा ओतला. अर्धा.

"ताई, आज तरी भरून दे," मी म्हटलं.

"ती घरी येऊ दे, मग बघू," ताई म्हणाली.

दाजींनी फडकं बाजूला केलं, किटली उचलली आणि माझ्या शेजारी येऊन थांबले. "पी तू," ते म्हणाले. "मी इथेच उभा आहे."